रास झाकायचे दिवस

आमच्या घरात पावसाच्या तोंडावर कोणी कधी कुठे फिरायला गेलं नाही. शाळेला सुट्टी असायची, वर्गातल्या मुली मामाच्या गावाला जायच्या, आणि आम्ही भावंडं भाईंदरजवळच्या मुर्ध्याच्या मिठागरावर गवताच्या पेंढ्या वाहत असायचो. सहा महिने उन्हात खपून काढलेलं मीठ बांधावर राशी करून ठेवलेलं असायचं. एकेक रास माणसाच्या डोक्यावर जाईल एवढी उंच. मेच्या शेवटी वारा फिरला, खाडीकडून दमट यायला लागला, की ती रास गवताने शाकारायची. उघड्या राशीवर दोन मोठ्या सरी पडल्या तर सहा महिन्यांचं काम गेलं. त्या आठ-दहा दिवसांत घरात लग्न निघालं तरी बाबा हलायचा नाही. मावशीच्या लग्नाला आई एकटी गेलेली, आणि त्यावरून सुरू झालेलं भांडण आई जाईपर्यंत चालू होतं.

बाबाला मी ‘अहो बाबा’ म्हणत नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्यात बापाला अहो-जाहो नसतं. माझ्या सासरचे लोक अजून नाक मुरडतात. मुरडू दे.

मिठागर बंद होऊन आता कितीतरी वर्षं झाली. आधी मजूर मिळेनात, मग खाडीचं पाणी घाण यायला लागलं, मग एका भरतीला बांध फुटला तो कोणी परत बांधला नाही. आता तिकडे भराव पडलाय आणि इमारती उभ्या राहतायत. बाबा एकोणऐंशीचा झालाय. मुर्ध्याच्या घरात धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांच्या दोन मुलांसोबत राहतो. मी भाईंदर पूर्वेला. माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, चार बाय आठचा गाळा, लग्नसराईत श्वास घ्यायला फुरसत नसते. ‘भाभी, कल पक्का देती हूं’ हे वाक्य मी दिवसातून पन्नास वेळा बोलते आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा ते खोटं असतं.

वर्षभर बाबा एकदम शहाण्यासारखा असतो. पेपर वाचतो, नातवाला पाढे विचारतो, भावजयीला मासे निवडून देतो. पण मे संपत आला, वारा फिरला, की त्याला काय होतं देव जाणे. सकाळी उठतो, धोतर वर खोचतो आणि चालायला लागतो. मागच्या वर्षी तर थेट रेल्वे ओलांडून बेव्हर्ली पार्कात पोचला. एका टॉवरखाली उभा राहून वर बघत होता. वॉचमनने विचारलं, ‘बाबा, किधर जाना है?’ तर म्हणे, ‘वारा फिरला, झाकायला पायजे.’ भला माणूस होता बिचारा, त्याने खुर्चीत बसवलं, चहा पाजला आणि खिशातल्या चिठ्ठीवरून मला फोन केला. मी शिवण तशीच टाकून धावले. गेल्या गेल्या काय बोलले? ‘बाबा, मिठागर बंद झालं! किती वेळा सांगू?’ भर सोसायटीत ओरडले त्याच्यावर. माझं असंच आहे, उचलली जीभ लावली टाळ्याला.

यंदा आठ दिवसांत दोनदा निघाला. दुसऱ्यांदा रिक्षाचा धक्का लागला, कोपराला चार टाके पडले. त्या संध्याकाळी भाऊ आणि मी ओटीवर बसलो. बाबा आत खाटेवर झोपलेला. भाऊ म्हणाला, ‘ताई, मी उद्यापासून दाराला बाहेरून कडी लावतो. आम्ही दोघं कामाला गेल्यावर कोण बघणार?’ मग म्हणाला, ‘नाहीतर कर्जतकडे एक आश्रम आहे. चांगलं बघतात म्हणे. डोंगरात आहे.’

मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. पण एक सांगते, भाऊ वाईट नाही. कोपराचे टाके घालताना बाबा गप्प बसलेला आणि हा गडी डोळे पुसत होता. आणि मी तरी कुठली मोठी श्रावणबाळ? दुकान बंद करून धावण्याचा मलाही कंटाळा आलेला. आपलेच दात आपलेच ओठ, बोलणार कोणाला. शेवटी मी म्हटलं, ‘मला चार दिवस दे. पाऊस नीट लागला की त्याचं हे सगळं आपोआप थांबतं. तोवर मी त्याला कुठेतरी उंचावर नेते. खाडी नाही, मीठ नाही, आठवणच येणार नाही.’

‘आणि तिथेही असाच निघाला तर?’ भावाने विचारलं.

‘तर मग तू म्हणशील तसं. कडी तर कडी, आश्रम तर आश्रम.’

हे मी बोलले. माझ्या तोंडाने बोलले.

माझ्या एका गिऱ्हाइकाच्या नात्यातल्या बाईंकडे महाबळेश्वरला खोल्या भाड्याने मिळतात, आणि जूनच्या तोंडाला तिकडे पर्यटक आटलेले असतात, म्हणून महाबळेश्वर ठरलं. लग्नसराई संपलेली, दुकानही थंड होतं. नवरा म्हणाला, जा, तुलाही जरा वारा लागेल. मी मुर्ध्याला जाऊन बाबाला म्हटलं, ‘बाबा, चल, डोंगरावर जाऊ.’

‘कपडे किती घेऊ?’

‘असतील ते सगळे घे,’ मी म्हटलं. ‘तिकडे गार असतं.’

त्याने सगळे घेतले. एक शब्द जास्तीचा बोलला नाही. मी मनात म्हटलं, वा, किती सोपं गेलं!

बोरिवलीहून एसटी पकडली. पोलादपूरपर्यंत घामाच्या धारा लागलेल्या. घाट सुरू झाला आणि चार वळणांत सगळं बदललं. आधी खिडकीतून गार झुळूक आली, मग झाडांचे शेंडे दिसेनासे झाले, मग झाडंच दिसेनाशी झाली. ड्रायव्हरने दिवे लावले. बसमधली पोरं ‘आई शप्पथ!’ करत मोबाईल बाहेर काढून व्हिडिओ घ्यायला लागली. मी आयुष्यात पहिल्यांदा ढगात शिरत होते. पन्नाशीची बाई मी, पण खरं सांगते, मलाही हात बाहेर काढावासा वाटला आणि काढला. हाताला ओल लागली. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं.

बाबा काच पुसत होता. पुसली की परत धूसर व्हायची.

‘बाय, आभाल खाली आला,’ तो म्हणाला.

‘धुकं आहे ते बाबा.’

‘धुका न्हाय. पानी हाय त्यात.’

आणि माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. पावसाची आठवण नको म्हणून मी या माणसाला जिथे आभाळ डोक्यावर येऊन बसतं अशा ठिकाणी आणला होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पण आता काय, अर्ध्या घाटात बस थांबवून उतरणार थोडीच.

स्टँडवरून खोलीवर चालत निघालो. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दहा पावलांपलीकडचं काही दिसत नव्हतं, नुसता पानांवरून ठिबकण्याचा आवाज. मी बाबाचा हात धरला होता. एका वळणावर धुकं जरासं हललं आणि समोर एकदम उंच, गवताने शाकारलेलं, उतरत्या अंगाचं काहीतरी उभं राहिलं. बाबा थांबला. त्याचा हात माझ्या हातात घट्ट झाला.

‘एवढी मोठी रास!’ तो म्हणाला. ‘बाय, कुनाची गो ही रास?’

‘बाबा, बंगला आहे तो! बंगला!’ मी केवढ्याने तरी ओरडले. धुक्यात कुठूनतरी कोणीतरी खुदकन हसलं, त्याने माझं डोकं अजूनच फिरलं.

बंगलाच होता. तिकडे पाऊस इतका पडतो आणि वाऱ्याने इतका आडवा येतो की लोक पावसाळ्याआधी भिंतींना खालपासून वरपर्यंत सुक्या गवताच्या झड्या बांधून टाकतात. दारं-खिडक्या सोडून सगळं घर गवतात. हे मला नंतर घरमालकीण काकूंनी सांगितलं. पण आता कबूल करते, बाबाच्या आधी, एका क्षणापुरती, मलाही ती रासच दिसलेली. कोणाला सांगू नका. मिठागरावरची माणसं आम्ही, गवताखाली दुसरं काय असणार आमच्यासाठी. मी त्याच्यावर ओरडले ते बहुतेक त्याच रागाने.

दुसरा दिवस छान गेला. म्हणजे मला तरी छान वाटला. बाजारात एकच दुकान अर्धं उघडं होतं, तिथून मी बाबाला माकडटोपी घेतली. ती घातल्यावर त्याने दुकानाच्या आरशात बघितलं आणि म्हणाला, ‘तुजी आय बगती तर पलून जाती.’ आम्ही दोघं हसलो. कांदाभजी खाल्ली, हात धरून धुक्यातून फिरलो. लहानपणी बांधावरून तो मला असंच न्यायचा, पण तेव्हा मी पुढे पळायचे आणि तो ‘बाय, पाय घसरंल’ करत मागून यायचा. आता मी म्हणत होते, बाबा, दगड आहे, बाबा, पाणी आहे. त्याचा हात अजून तसाच, खरखरीत आणि गरम. मी घरी असताना त्याचा हात शेवटचा कधी धरला होता ते आठवेना. कोपर धरते मी त्याचं, रस्ता क्रॉस करायला. हात नाही धरत.

संध्याकाळी तो काकूंशी बोलत बसलेला. इथे मासळी मिळते का? थंडीत पाणी किती गार असतं? डॉक्टर किती लांब आहे? एकट्या माणसाला खोली किती दिवस देता? काकू हौशीने उत्तरं देत होत्या. मी आत खोलीत माझी पाठ शेकत पडलेले. ऐकून मला वाटलं, अरे वा, बाबाला जागा आवडली. मी भावाला फोन लावून फुशारकी मारली. म्हटलं, ‘बघ, दोन दिवस झाले, एकदाही निघाला नाही. मजेत आहे.’ भाऊ म्हणाला, ‘ताई, मी कडी आणून ठेवलीय. सुतार उद्या येतोय.’ मी म्हटलं, ‘थांब जरा, घाई काय आहे.’ पण ‘नको लावू’ असं म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर खाट रिकामी.

आधी वाटलं, ओटीवर असेल. नव्हता. काकूंच्या स्वयंपाकघरात नव्हता. चपला नव्हत्या. माकडटोपी नव्हती. बाहेर बघितलं तर समोरचं फाटकसुद्धा दिसत नव्हतं, एवढं धुकं. भाईंदर असतं तर वॉचमन असतात, रिक्षावाले असतात, कोणीतरी विचारतं. इथे रस्ता संपला की दरी. काकू म्हणाल्या, ‘घाबरू नका, मी वरच्या अंगाला बघते, तुम्ही खाली जा.’ ओल्या केसांनी, पायात बाथरूमच्या चपला, मी ‘बाबा! बाबा!’ करत धावत सुटले. माझाच आवाज मला परत ऐकू येत होता. रस्त्याच्या कडेला दगडी कठडा होता, त्याच्या पलीकडे नुसतं पांढरं. मी त्या कठड्यावरून खाली वाकून हाक मारली आणि काय ऐकू येईल या भीतीने लगेच मागे झाले. देवाला काय काय बोलले. म्हटलं, एकदा सापडू दे, परत ओरडणार नाही. आणि डोक्यात दुसरीकडे हेही चालू होतं की संपलं, भावाला शब्द दिलाय, इथेही निघाला, आता कडी नाहीतर आश्रम.

कितीतरी वेळाने कोणाचं तरी बोलणं कानावर आलं. त्याच पहिल्या दिवशीच्या बंगल्याच्या मागच्या अंगाला. तिथली एक भिंत अजून उघडी होती. एक साठीच्या आसपासचा माणूस शिडीवर चढून गवत बांधत होता, आणि खाली, पायरीवर, माकडटोपी घालून माझा बाप. मांडीवर गवताची पेंढी, दातात सुतळीचं टोक. हात सरसर चालले होते. मी इतकी वर्षं कापडात काम करते, हात ओळखता येतात मला. त्या हातांना जराही विसर पडलेला नव्हता.

शिडीवरचे मामा हसत होते. ‘आजोबा, खालनं हातभर उघडं सोडलंय तुम्ही! पाऊस आत शिरंल की!’

‘घाम येतो खालून,’ बाबा म्हणाला. ‘वाट न्हाय ठेवली तर आत सगला इरघलंल.’

‘आवो, भिंतीला कसला घाम आलाय!’

बाबाने मान वर केली, भिंतीकडे बघितलं आणि खजील हसला. रास शाकारताना खाली वाट सोडायची सवय, तीच त्याने भिंतीला लावलेली.

‘बाबा!’

देवाला दिलेला शब्द तिथल्या तिथे मोडला. ‘अक्कल आहे का तुला? मी मरते इकडे धावून धावून! सांगून जाता येत नाही? दरीत गेला असतास म्हणजे?’ मामा शिडीवरून खाली उतरले.

‘ताई, रागवू नका म्हाताऱ्यावर,’ ते म्हणाले. ‘सकाळी आले आनि म्हनाले, काम द्या. मी म्हनलं, आजोबा, पाव्हनं आहात, बसा, च्या घ्या. तर म्हनाले, पाव्हना नाही, मी आता इथंच राहनार हाय. मुलगी सोडायला आलीय, उद्या जाईल ती. मग दिवसभर बसून काय करू, म्हनाले. गवताचं काम मला येतं, पैसं नको, पर रोज यिऊ का?’

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

‘कोण सोडायला आलंय?’ मी विचारलं.

मामा माझ्याकडे बघत राहिले, मग बाबाकडे, आणि त्यांना कळलं असावं की आपण भलतंच काही बोलून गेलो. ते ‘सुतळी आणतो’ म्हणून पलीकडे गेले.

मी बाबाच्या शेजारी पायरीवर बसले. ‘बाबा, तुला वाटलं मी तुला इथे टाकायला आणलंय?’

‘त्या दिशी तुमी ओटीवर बोलत होते,’ तो म्हणाला. ‘मी जागा होतू. पोरगा बोलला, डोंगरात आसरम हाय. मग तू बोललीस, चल डोंगरावर. कपडे सगले घे.’

‘अरे देवा. बाबा, ते कर्जतचं... हे नाही... आणि कपडे मी थंडीसाठी...’ माझ्या तोंडून एक वाक्य धड येईना. एवढी तोंडाळ बाई मी. ‘आणि तुला असं वाटत होतं तर तू आलास कशाला? भांडायचंस ना माझ्याशी! नाही येत म्हणायचंस!’

‘तू चल बोललीस,’ बाबा म्हणाला. ‘म्हनून आलू.’

त्याच्या आवाजात राग असता तर मी सहन केलं असतं. राग नव्हता. माझी समजूत काढल्यासारखा म्हणाला, ‘पोरगा तरी किती बगंल? त्याचाबी कामधंदा हाय. तुजाबी हाय. जागा बरी हाय ही. बाई बोलायला चांगली हाय. मासली मिलत न्हाय तेवढा.’

मला हुंदका फुटला. भर रस्त्यावर, ओल्या केसांनी, बाथरूमच्या चपला घालून मी लहान पोरीसारखी रडले. तो सुतळी बाजूला ठेवून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला. गवताची कुसळं माझ्या ब्लाउजला लागत होती. ज्याला टाकायला आणलंय असं त्याला वाटत होतं, तोच मला समजावत होता.

आणि सगळ्यात वाईट काय, तर तो अगदीच चुकलाही नव्हता. इथे टाकायला नव्हतं आणलं मी, नाही, देवाशप्पथ नाही. पण चार दिवसांनी काय सांगणार होते भावाला? ‘तू म्हणशील तसं’ हेच ना? मी परीक्षा घ्यायला आणलं होतं त्याला. पास झाला तर घरात, नाही झाला तर कडी. आणि तो बिचारा नापास झालोच असं धरून इथली नोकरी शोधत होता.

‘बाबा,’ मी नाक पुसत विचारलं, ‘मग तू घरातून निघतोस ते का? मिठागर नाही राहिलं, कळतं ना तुला?’

‘कलतं की गो,’ तो जरा चिडूनच म्हणाला. ‘मना खुला समजतंस काय? मिठागर बंद झाला, मना म्हाईत हाय. पन पाऊस बंद झालाय काय? वारा फिरला का पाय घरात र्‍हात न्हाय. जातू, बगतू, येतू. येताना कदी कदी रस्ता सापडत न्हाय, त्या इमारती सगल्या सारख्या दिसतात.’

इतकी वर्षं मी त्याच्या तोंडावर ओरडत होते की मिठागर बंद झालं. त्याला ते माहीत होतं. माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी एकदाही विचारलं नव्हतं की बाबा, तू जातोस कशाला.

मी तिथूनच भावाला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला त्याने. म्हणाला, ‘ताई, कडी बसवून झाली आत्ताच.’

‘काढ,’ मी म्हटलं.

‘अगं पण...’

‘काढ म्हणते ना. आता काढ. सुतार गेला नसेल तर त्याच्याकडूनच काढून घे.’ मग मी त्याला सांगितलं, बाबाला काय वाटलं होतं ते. तो म्हणाला, ‘निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला त्याने. म्हणाला, पोरांना मारू नको. मला वाटलं, चार दिवसांसाठी एवढं काय...’ आणि त्याला पुढे बोलता येईना. मी म्हटलं, ‘रडू नकोस मेल्या, मीही रडतेय. हे आठ-दहा दिवस दर वर्षी माझे. मेच्या शेवटाला दुकान बंद. तो निघाला की मी त्याच्याबरोबर चालेन. जिथे जाईल तिथे जाईन, बघेन आणि घेऊन येईन. गिऱ्हाइकं काय, ओरडतातच.’ भाऊ म्हणाला, ‘रविवारी मी जाईन.’ म्हटलं, ‘जा.’

फोन ठेवून मी बाबाला सांगितलं, ‘उद्या आपण दोघं घरी जातोय. दोघं. कळलं?’ तो ‘बरा’ म्हणाला आणि मांडीवरची पेंढी परत उचलली. मामा सुतळी घेऊन आले होते. भिंत अर्धी राहिली होती आणि वर आभाळ चांगलंच दाटलेलं, मग मीही पदर खोचला. बाबाने मला पेंढी कशी दुमडायची ते परत दाखवलं. मी विसरले होते. ‘शिवनकाम करतंस आनि गाठ येत न्हाय,’ तो म्हणाला. मामा म्हणाले, ‘ताई, तुमच्या वडलांला ठेवा हितंच, दोन भिंती रोज होतील.’ मी म्हटलं, ‘नाही हो मामा, द्यायचा नाहीये आम्हाला.’ हे मी जरा मोठ्यानेच म्हटलं, बाबाला ऐकू जावं म्हणून. दुपारपर्यंत भिंत झाली, खालपर्यंत बंद, हातभर जागा न सोडता. बाबा लांब उभा राहून तिच्याकडे बघत होता. म्हणाला, ‘आता येऊ दे.’

चौथ्या दिवशी सकाळची एसटी होती. काकूंनी भाकरी-पिठलं बांधून दिलं. सगळे कपडे परत बॅगेत भरताना बाबा माझ्या बाजूला उभा होता, एकेक घडी माझ्या हातात देत. धुकं तसंच होतं. बस लागली तर पाटीसुद्धा जवळ जाऊन वाचावी लागली. मी त्याला खिडकीशी बसवला आणि त्याच्या शेजारी बसले.

बस सुटली, कंडक्टर आला. ‘कुठं?’

‘बोरिवली,’ मी म्हटलं. आधार कार्डं पुढे केली. माझं अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या वर म्हणून बाबाचं फुकट. कंडक्टरने मशीन टुक-टुक केलं. बाबा बाहेर बघत होता असं मला वाटलेलं. पण त्याने मान वळवली आणि माझ्या हाताकडे बघितलं.

‘दोन?’ त्याने विचारलं.

कालपासून मी त्याला किती वेळा सांगितलं होतं. त्याने प्रत्येक वेळी ‘बरा’ म्हटलं होतं.

‘हां बाबा,’ मी म्हटलं. ‘दोन.’

त्याने हात पुढे केला. मी दोन्ही तिकिटं त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती डोळ्यांजवळ नेऊन वेगवेगळी करून बघितली, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवून वरून हात ठेवला. घाट उतरेपर्यंत तो हात तिथेच होता. पोलादपूरला तपासनीस चढले तेव्हा मी तिकिटं मागितली, तर त्यांना दाखवून त्याने परत आपल्याच खिशात ठेवली. मुर्ध्याला घरी पोचल्यावरही त्याने ती मला दिली नाहीत, आणि मीही मागितली नाहीत.